सुटकेचा घाट आणि प्रेक्षकाचे निरपराधित्व

१

वंशद्वेषाचा विचार चित्रपटांच्या आधारे करू लागले की चर्चा बहुधा आशयाभोवतीच फिरत राहते. अमुक चित्रपटात कृष्णवर्णीयांचे चित्रण कसे आले आहे, ज्यू पात्र किती विपर्यस्त रंगवले आहे, दिग्दर्शकाची भूमिका पुरोगामी की प्रतिगामी, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे मिळाली की निवाडा झाला असे मानले जाते. कारागिरीचा विचार मग स्वतंत्र परिच्छेदात उरकला जातो. विषय निंद्य पण तंत्र श्रेष्ठ, हा अभिप्राय डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'विषयी (१९१५) गेली शंभर वर्षे निरनिराळ्या शब्दांत दिला जात आहे. प्रस्तुत लेखात या विभागणीविषयीच शंका उपस्थित करावयाची आहे. पूर्वग्रह चित्रपटाच्या विषयात असतो तसाच तो त्याच्या घाटातही असतो. आणि घाट हा विषयापेक्षा दीर्घायुषी असल्यामुळे विषय बदलला, भूमिका पार उलटी झाली, तरी तो आपले काम करीतच राहतो. ज्या घाटाचा येथे विचार करावयाचा आहे त्याला 'सुटकेचा घाट' असे म्हणता येईल. नैतिक उत्तरदायित्वाचा प्रश्न या घाटाशी कसा निगडित आहे हे काही चित्रपटांच्या इतिहासातून पाहू.

२

ग्रिफिथने १९०८ ते १९१३ या काळात बायोग्राफ कंपनीसाठी शेकडो लघुपट केले. त्यांपैकी 'द लोनली व्हिला' (१९०९) या लघुपटाची कथा अगदी साधी आहे. घरात दरोडेखोर शिरू पाहत आहेत, आत आई आणि मुली अडकल्या आहेत, दूर असलेला पिता त्यांच्याकडे धाव घेत आहे. या तीन ठिकाणची दृश्ये ग्रिफिथ आलटूनपालटून दाखवतो. समांतर संकलनाचे हे तंत्र त्याने एकट्याने शोधले नाही. परंतु त्याला व्याकरणाची शिस्त दिली ती मुख्यतः त्याने. या तंत्राचा परिणाम म्हणून वेग आणि उत्कंठा यांचा उल्लेख नेहमी होतो. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की हा घाट प्रेक्षकाला कोणाची तरी वाट पाहायला लावतो. वाट पाहणाऱ्याचे स्थान अर्थातच अडकलेल्यांच्या बाजूला असते. दाराबाहेर जो असेल तो आक्रमक आणि दुरून जो येत असेल तो तारणहार, हे नाते कथेने सिद्ध करण्याची गरज उरत नाही. ते संकलनातच सिद्ध होऊन जाते.

सर्गेई आयझेनस्टाइनने १९४४ साली डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्या संबंधावर लिहिलेल्या निबंधात या समांतर रेषांचे मूळ डिकन्सच्या कादंबरीतंत्रात दाखवले आणि त्याचबरोबर त्यांच्यामागे समाजाकडे पाहण्याची एक द्विखंड दृष्टी आहे, असेही सुचवले. आयझेनस्टाइनच्या डोळ्यांपुढे श्रीमंत आणि गरीब ही विभागणी होती. 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये तिची जागा वंशाने घेतली आहे.

टॉमस डिक्सनच्या 'द क्लॅन्समन' (१९०५) या कादंबरीवर आधारलेला हा सुमारे तीन तासांचा चित्रपट ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम प्रदर्शित झाला आणि १८ फेब्रुवारीला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ हा त्याचा विषय आहे. घटनेच्या चौदाव्या (१८६८) आणि पंधराव्या (१८७०) दुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. दक्षिणेतील विधिमंडळांत त्यांचे प्रतिनिधी निवडून आले. हे सारे दहशतीने मोडून काढण्याचे काम कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेने केले. चित्रपट या इतिहासाची फिरवाफिरव करतो. विधिमंडळातील कृष्णवर्णीय प्रतिनिधी मद्यपी आणि असंस्कृत दिसतात. काळा रंग फासलेल्या गौरवर्णीय नटाने साकारलेला गस हा फ्लोरा या मुलीचा पाठलाग करतो, ती कड्यावरून उडी घेते, आणि क्लॅन गसला ठार करते.

परंतु केवळ या प्रसंगांकडे बोट दाखवून भागत नाही. शेवटच्या भागात एका लहानशा झोपडीत कॅमेरॉन कुटुंब अडकले आहे. बाहेर कृष्णवर्णीय सैनिक आहेत. दुसरीकडे एल्सी स्टोनमन सायलस लिंचच्या ताब्यात आहे. आणि या दोन्ही ठिकाणांकडे पांढरे झगे घातलेले घोडेस्वार निघाले आहेत. पडद्याजवळच्या वाद्यवृंदातून वाग्नरचे संगीत वाजत असे. 'द लोनली व्हिला'चाच हा घाट. फक्त पित्याच्या जागी क्लॅन आली आहे. बुद्धीने क्लॅनचा धिक्कार करणारा प्रेक्षकही या क्षणी टापांच्या दिशेने कान लावून बसतो. त्याची संमती कोणी मागितलेली नसते. त्याला झोपडीच्या आत बसवलेले असते, एवढेच.

या घोडदौडीनंतर एक छोटे दृश्य येते, त्याची चर्चा मानाने कमी होते. पुढच्या निवडणुकीचा दिवस आहे. कृष्णवर्णीय मतदार घराबाहेर पडतात, समोर सशस्त्र घोडेस्वार उभे असलेले पाहतात आणि निमूट परत आत जातात. चित्रपटाच्या दृष्टीने ही शांततेची पुनःस्थापना आहे. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर झोपडीचाच प्रसंग येथे उलटा झाला आहे: आत भयभीत माणसे, बाहेर शस्त्रधारी. मात्र यावेळी समांतर संकलन नाही. कोणीही कोठूनही निघालेले नाही. ज्यांच्यासाठी कोणाची वाट पाहायची आणि ज्यांच्यासाठी नाही, यांतील सीमारेषा संकलनाने आखली आहे. वंशद्वेषाची याहून नेमकी व्याख्या चित्रभाषेत क्वचितच सापडेल.

पुढचे परिणाम सर्वज्ञात आहेत. १९१५ च्याच नोव्हेंबरात विल्यम सिमन्सने जॉर्जियातील स्टोन माउंटन येथे क्लॅनची पुनःस्थापना केली. डिसेंबरात चित्रपट अटलांटात आला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीचा लाभ या नव्या संघटनेने घेतला, आणि पुढे कित्येक वर्षे सभासदभरतीसाठी तो वापरला गेला. जेथे जेथे हा चित्रपट पोहोचला त्या परगण्यांत लिंचिंगचे प्रकार आणि वांशिक दंगली वाढल्या, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने काढला आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या 'एनएएसीपी' या संस्थेने देशभर विरोध केला. बोस्टनमध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर यांनी निदर्शने केली. ग्रिफिथने त्याला १९१६ मध्ये दिलेले उत्तर म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील एक पुस्तिका. त्याच वर्षी 'इनटॉलरन्स' हा भव्य चित्रपटही आला. असहिष्णुतेचा बळी आपणच आहोत, अशी त्याची धारणा दिसते. येथे इतिहासाचा एक विचित्र योगायोग आहे. चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी १९१५ रोजी दिला होता. तो १९५२ पर्यंत टिकला. चित्रपट काही बोलतो हेच कायद्याला मान्य नव्हते, त्याच काळात एका चित्रपटाच्या बोलण्याने माणसे मरत होती.

३

घाट देशांतर कसे करतो याचे उदाहरण म्हणजे फाइट हार्लानचा 'युड स्यूस' (१९४०). ४ फेब्रुवारी १७३८ रोजी श्टुटगार्ट येथे फाशी दिलेल्या योसेफ स्यूस ओपेनहायमर या ज्यू अर्थसल्लागाराची ही कथा. लिओन फॉइष्टवांगर या ज्यू लेखकाने १९२५ साली याच व्यक्तीवर सहानुभूतिपूर्ण कादंबरी लिहिली होती आणि १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये तिच्यावर चित्रपटही झाला होता. म्हणजे कथावस्तू तीच असून तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी होऊ शकत होता. हार्लानने केले काय? डोरोथेआ या जर्मन तरुणीवर स्यूस अत्याचार करतो. त्याच वेळी तळघरात तिच्या पतीचा छळ चालू आहे, आणि त्या आरोळ्या तिला ऐकू येत आहेत. पुढे ती पाण्यात जीव देते. फ्लोराचा कडा आणि डोरोथेआचे पाणी यांतील साम्य उघड आहे. यानंतर स्यूसची फाशी ही प्रेक्षकाला शिक्षा वाटत नाही, सुटका वाटते. आणि त्यापाठोपाठ सर्व ज्यूंना शहर सोडण्याचा हुकूम सुटतो तो त्या सुटकेचाच स्वाभाविक विस्तार म्हणून. सुमारे दोन कोटी प्रेक्षकांनी हा चित्रपट पाहिला. सप्टेंबर १९४० मध्ये हिमलरने एसएस आणि पोलीस दलातील सर्वांना तो दाखवण्याचा आदेश दिला.

युद्धानंतर हार्लानवर हॅम्बर्ग येथे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला चालला. गोबेल्सच्या दबावाखाली काम करावे लागले, हा त्याचा बचाव होता. १९४९ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर १९५० मध्ये पुन्हा तो निर्दोष सुटला. कायद्याच्या अंगाने विषय संपला. तो संपू दिला नाही तो हॅम्बर्गच्या वृत्तविभागाचे प्रमुख एरिक ल्यूट यांनी. हार्लानच्या नव्या चित्रपटावर चित्रगृहचालकांनी आणि प्रेक्षकांनी बहिष्कार घालावा, असे आवाहन त्यांनी केले. चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या आणि खालच्या न्यायालयांनी ल्यूट यांना मनाई केली. अखेर १५ जानेवारी १९५८ रोजी जर्मन घटना न्यायालयाने असे आवाहन हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निर्णय दिला. या निर्णयाची चर्चा कायद्याच्या ग्रंथांत होते; कलाविचारातही ती व्हायला हवी. कलावंताच्या अपराधाचा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही, तरी पाहायचे की नाही हे ठरवण्याचे उत्तरदायित्व प्रेक्षकाकडे उरतेच, हे त्यातून स्पष्ट झाले. आज जर्मनीत 'युड स्यूस' दाखवायचा तर आधी प्रास्ताविक आणि नंतर चर्चा, ही अट असते. बंदीपेक्षा ही अट मला अधिक विचारगर्भ वाटते. तिच्यात असे गृहीत आहे, की घाटाचा परिणाम घाट उलगडून दाखवल्यानेच ओसरतो.

४

येथपर्यंतच्या विवेचनावर सहज आक्षेप घेता येईल, की ही उदाहरणे उघड द्वेषाची आहेत. वंशद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चित्रपटांचे काय? माझ्या मते खरी अडचण तेथेच सुरू होते.

हार्पर लीच्या कादंबरीवर रॉबर्ट मलिगनने केलेला 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) हा सद्भावनेचा आदर्श मानला जातो. अ‍ॅटिकस फिंच हा वकील टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयाचा बचाव करतो. आपण हे सारे त्याच्या लहान मुलीच्या, स्काउटच्या नजरेने पाहतो. न्यायालयात ती कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जात बसते. आपणही तिच्याबरोबर बसतो. मूल निरपराध असते. म्हणजे चित्रपट सुरू होतानाच प्रेक्षकाच्या हाती निरपराधित्वाचा दाखला पडलेला असतो. टॉम दोषी ठरतो आणि पळू पाहताना मारला जातो. हा मृत्यू आपण पाहत नाही, त्याची वार्ता तेवढी कानावर येते. याउलट शेवटी रात्रीच्या अंधारात मुलांवर हल्ला होतो आणि बू रॅडली त्यांना वाचवतो, हे मात्र पडद्यावर घडते. टॉमच्या बाबतीत अपुरी राहिलेली सुटका मुलांच्या बाबतीत पुरी होते आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. ज्याच्यासाठी कोणी आले नाही त्याचा विसर पडण्याची सोय रचनेनेच करून ठेवली आहे. चित्रपटाची थोरवी नाकारण्याचा हेतू येथे नाही. त्याने दिलेला दिलासा कोणाच्या वाट्याचा होता, एवढेच विचारायचे आहे.

अ‍ॅलन पार्करच्या 'मिसिसिपी बर्निंग'मध्ये (१९८८) हा घाट आणखी ठळक होतो. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपीतील नेशोबा परगण्यात जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांची हत्या झाली. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह एका मातीच्या बंधाऱ्यात सापडले. चित्रपटाचे नायक आहेत एफबीआयचे दोन गौरवर्णीय अधिकारी. कृष्णवर्णीय माणसे सोसतात, प्रार्थना करतात, गातात आणि वाट पाहतात. वस्तुतः त्या उन्हाळ्यात मतदारनोंदणीचे काम जिवावर उदार होऊन करणारे हेच लोक होते. आणि एफबीआयचा प्रमुख हूवर त्याच वर्षांत मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पाळत ठेवीत होता. कोरेटा स्कॉट किंग यांनी या विपर्यासावर टीका केली. १९६७ च्या संघीय खटल्यात सात जणांना शिक्षा झाली, ती नागरी हक्कांविरुद्धच्या कटाबद्दल. मिसिसिपी राज्याच्या न्यायालयात एडगर रे किलेन याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले गेले ते २१ जून २००५ रोजी, बरोबर एक्केचाळीस वर्षांनी. चित्रपटातील सुटका दोन तासांत येते. इतिहासातील न्यायाला एवढा काळ लागतो, आणि तो येतो तेव्हा घोड्यांच्या टापा वाजत नाहीत.

क्लॅनचा गौरव करणारा चित्रपट आणि क्लॅनला उघडे पाडणारा चित्रपट यांच्यात अंतर फार मोठे आहे, हे पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रेक्षक सुरक्षित जागी बसून तारणहाराची वाट पाहतो, आणि अपराध नेहमी दुसऱ्या कोणाचा असतो. पहिल्या प्रकारात त्याच्या मनातील भीतीला मान्यता मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याच्या मनातील चांगुलपणाला. स्वतःकडे पाहण्याची वेळ कोणत्याच प्रकारात येत नाही.

५

या घाटाला नकार देणारी परंपरा नव्हती असे नाही. तिच्यासाठी पुन्हा ग्रिफिथच्या काळाकडे जावे लागते. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'विदिन अवर गेट्स' जानेवारी १९२० मध्ये शिकागोत प्रदर्शित झाला. आदल्याच उन्हाळ्यात त्या शहरातील वांशिक दंगलीत ३८ माणसे मारली गेली होती. हा चित्रपट पुन्हा आग पेटवील अशी धास्ती घेऊन परीक्षण मंडळाने प्रथम तो अडवला होता. 'द बर्थ ऑफ अ नेशन' जेथे उजळ माथ्याने फिरला तेथे मिशोच्या चित्रपटाला कात्री लागली, हा तपशील बोलका आहे. पुढे तो नाहीसाच झाला. स्पेनमध्ये 'ला नेग्रा' या नावाने त्याची एक प्रत सापडली आणि १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिचे पुनरुज्जीवन केले.

दक्षिणेतील शाळेसाठी उत्तरेत निधी गोळा करणाऱ्या सिल्व्हिया या शिक्षिकेची ही कथा. तिचा भूतकाळ शेवटी उलगडतो. तिच्या पालक पित्यावर जमीनदाराच्या खुनाचा खोटा आळ येतो. जमाव त्याला आणि त्याच्या पत्नीला ठार करून जाळतो. त्याच वेळी जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर अत्याचार करू पाहतो. मिशो ही दोन दृश्ये समांतर संकलनाने जोडतो. हे ग्रिफिथचेच शस्त्र आहे. मात्र त्यातील तिसरी रेषा गाळलेली आहे. कोणीही धावून येत नाही. हल्लेखोराचा हात थांबतो तो तिच्या छातीवरील व्रण पाहून: ती त्याचीच मुलगी आहे. बाहेरून येणाऱ्या तारणहाराऐवजी येथे ओळख पटते, आणि ही ओळख अपराध्याला स्वतःकडेच घेऊन जाते. गौरवर्णीय घराण्यांनी जे रक्ताचे नाते पिढ्यान्‌पिढ्या नाकारले, ते येथे पुरावा होऊन उभे राहते. ग्रिफिथला ज्या मिश्रणाचे भय वाटत होते ते कधीच घडून गेले आहे आणि ते घडवणारे कोण होते, हे मिशो त्याच्याच व्याकरणात सांगतो.

स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग'मध्ये (१९८९) सुटकेचा घाट निराळ्या रीतीने मोडतो. ब्रुकलिनमधील एका वस्तीतला अतिशय उष्म्याचा दिवस. पिझ्झाचे दुकान चालवणारा सॅल हा दुष्ट मुळीच नाही. आपल्याला तो आवडू लागलेला असतो. संध्याकाळी पोलिसांच्या हातून रेडिओ रहीमचा गळा आवळला जाऊन तो मरतो आणि सॅलकडे काम करणारा मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो. मूकीने योग्य केले का, असे आपल्याला विचारतात ते गौरवर्णीय प्रेक्षकच, असे लीने अनेकदा सांगितले आहे. काचेविषयी प्रश्न पडतो आणि माणसाविषयी पडत नाही, हे प्रेक्षकाच्या स्वतःच्याच लक्षात यावे अशी येथील रचना आहे. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला. 'डू द राइट थिंग'ला त्या विभागात नामांकनही नव्हते.

लीनेच २०१८ मध्ये 'ब्लॅकक्लॅन्समन' केला. त्यात क्लॅनचे सभासद 'द बर्थ ऑफ अ नेशन' पाहत आरोळ्या ठोकतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत एक वृद्ध, हॅरी बेलाफोंटे यांनी साकारलेला, १५ मे १९१६ रोजी टेक्सासमधील वेको येथे जेसी वॉशिंग्टन या तरुणाला जमावाने कसे जाळले ते सांगतो. हे पुन्हा समांतर संकलनच आहे. पण त्याच्या दोन रेषा म्हणजे पडद्यावरची सुटका आणि तिची प्रत्यक्षातील किंमत. तथापि याही चित्रपटात नायक पोलीस खात्यातला आहे आणि त्यामुळे व्यवस्थेला नको तेवढे श्रेय मिळते, अशी टीका बूट्स रायली या दिग्दर्शकाने केली. टीका बिनतोड नाही, पण दखल घेण्याजोगी आहे. सुटकेच्या घाटातून बाहेर पडणे त्याची सर्वांत तीव्र जाणीव असलेल्यालाही किती अवघड जाते, हे तीतून कळते.

६

मराठी समीक्षेला हा प्रश्न अपरिचित नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. केवळ त्यांच्या कसोटीवर घासले तर ग्रिफिथची घोडदौड निर्दोष ठरण्याचा संभव आहे. 'दलित पँथर'ची स्थापना १९७२ मध्ये झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या प्रेरणेने. आणि त्यानंतर दलित साहित्याच्या निमित्ताने आपल्याकडे जो वाद झाला त्याचे मर्म हेच होते, की प्रचलित सौंदर्यनिकष कोणत्या जागी बसलेल्या वाचकाचे आहेत? जात आणि वंश यांचे समीकरण मांडणे घाईचे होईल. दोहोंचा इतिहास आणि यंत्रणा वेगळ्या आहेत. पण प्रेक्षकाच्या जागेचा प्रश्न समान आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्याने भिरकावलेला दगड पडद्याकडे, म्हणजे आपल्याकडे, येतो, तेव्हा सुटकेची वाट पाहण्याची सोय आपल्यालाही उरत नाही.

डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्काराला १९५३ पासून असलेले ग्रिफिथचे नाव काढून टाकले. तत्पूर्वी १९९२ मध्ये त्याच्या चित्रपटाचा समावेश राष्ट्रीय चित्रसूचीत झाला होता. या दोन निर्णयांत काहींना विसंगती वाटते. मला ती वाटत नाही. चित्रपट जतन केलाच पाहिजे, कारण तो पुरावा आहे. आणि गौरव काढून घेतलाच पाहिजे, कारण पुराव्याचा गौरव करायचा नसतो. मात्र नाव पुसले तरी घाट पुसला जात नाही. तो रोज नव्या कथांत, बहुधा सद्भावनेने, वापरला जात आहे. म्हणून समीक्षकाचे काम चित्रपटाची भूमिका कोणती हे सांगून संपत नाही. त्याने आपल्याला कोठे बसवले, कोणाची वाट पाहायला लावले आणि कोणासाठी कोणीच निघाले नाही, हेही त्याने विचारले पाहिजे. नैतिक उत्तरदायित्व पडद्यावरच्या कोणा सज्जनाकडे सोपवून चित्रगृहाबाहेर पडता येते, हा समज या प्रश्नांपुढे टिकत नाही.